उंबरदऱ्याची हाळी

आमच्या कॉलेजात अभिलेखागार निघालं ते ऐन दुष्काळाच्या वर्षी. "लोकांना प्यायला पाणी नाही आणि आपण इतिहास भरून ठेवायला निघालो," असं आमचे प्राचार्य रामप्रसाद सर पुढं बरेचदा म्हणायचे. पण सुरुवातीला ते एवढंच म्हणाले होते, "खोली देतो, भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत."

शहराचं नाव तेव्हा अजून औरंगाबाद होतं. गारखेड्याच्या पुढं, बायपासच्या अंगाला आमचं कॉलेज. ते बांधलं तेव्हा चहूकडं ज्वारी होती म्हणे. मी मराठी शिकवायला रुजू झाले तोवर ज्वारी जाऊन प्लॉट पडले होते, आणि त्यातले बरेचसे आमच्या संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब यांचे होते. कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागूनच त्यांची 'आम्रवन सिटी' होती. तिथं आंब्याचं झाड नव्हतं, सिटीही नव्हती. एक कमान होती, चुन्यानं मारलेल्या रेघा होत्या आणि खुर्चीवर बसून झोपणारा वॉचमन होता.

माझी मैत्रीण सत्यशीला इतिहास शिकवायची. ती सिल्लोडच्या पलीकडची, अजिंठ्याच्या डोंगराच्या कुशीतल्या खेड्यातली. तिचं एकच दुखणं होतं. "रत्नमाला, लेणी बघायला अख्खं जग येतं गं. आणि त्याच डोंगराच्या डोक्यावर जी माणसं पिढ्यानपिढ्या मेंढरं चारतात, त्यांच्याबद्दल कुठं एक ओळ सापडत नाही." हे ती मला स्टाफरूममध्ये, बसस्टॉपवर आणि माझ्या भावाच्या लग्नातसुद्धा सांगून चुकली होती.

त्या वर्षी कॉलेजचा दर्जा ठरवायला समिती येणार होती. आप्पासाहेबांनी बैठक घेतली आणि बजावलं, "दुसऱ्या कुठल्याच कॉलेजात नाही असं काहीतरी दाखवा." क्रीडाविभागाच्या सरांनी गाण्यावर नाचणारं कारंजं सुचवलं. नळाला आठवडा-आठवडा पाणी नसताना! आणि आप्पासाहेब विचारात पडले, हे त्याहून वाईट. तेवढ्यात सत्यशीला उठली आणि डोंगरातल्या लोकांच्या संस्कृतीचं अभिलेखागार काढू, असं म्हणाली. आप्पासाहेबांना तो शब्द आवडला. समजला नाही, म्हणून जास्तच आवडला.

मोडक्या बाकांची खोली रिकामी झाली. 'अजिंठा डोंगररांग लोकसंस्कृती व स्थानिक इतिहास अभिलेखागार' अशी पाटी रंगवून आली. ती दारापेक्षा रुंद निघाली. खिळे ठोकायचे नाहीत म्हणून कडुबा शिपायानं ती दोरीनं टांगली, आणि 'अभिलेखागार' एवढा शब्द शेजारच्या स्वच्छतागृहाच्या दारावर गेला. पहिले काही दिवस बरेच विद्यार्थी चुकीच्या दारानं इतिहासात शिरले.

मग आम्ही वस्तू गोळा करायला निघालो. रविवारी सिल्लोडपर्यंत बसनं, पुढं मिळेल त्या जीपनं. सत्यशीला गावागावात पारावर उभी राहून सांगायची, "तुमच्याकडं जुनं जे काही असेल ते द्या, आम्ही जपून ठेवू." लोक फार चांगले होते. ज्याला घरात जे नको होतं ते त्यानं दिलं. किल्ली नसलेलं कुलूप, बूड गेलेली घागर, एका पायाचा पाट. एका आजोबांनी टीव्ही आणून ठेवला. सत्यशीला म्हणाली, "बाबा, हा काही तसा जुना नाही." ते म्हणाले, "जुनाच हाय. रंगीत नाय." एकानं तर स्वतःच्या सासूलाच पुढं केलं. म्हातारी ओव्या फार गोड म्हणायची, पण तिला नेऊन ठेवून घ्यावं, अशी त्याची अपेक्षा होती.

त्यातच आम्हाला केरबा सापडले.

उंबरदरा ही डोंगराच्या अगदी काठावरची वस्ती. मेंढरं राखणारी घरं, थोडी थोडी माळाची शेती. तिथं कुणालाही विचारलं, इथलं ऐकण्यासारखं काय, तर उत्तर एकच यायचं. "केरबाची हाळी ऐका." हाळी म्हणजे लांबून घातलेली साद. दरी आडवी असली की डोंगरातली माणसं तोंडानंच निरोप धाडतात, मेंढरंही तशीच वळवतात.

केरबा साठीच्या पुढचे, काठीसारखे सरळ, मिशीला तेल लावलेले. सत्यशीलानं काय हवंय ते सांगितल्यावर ते खाटेवरून उठले आणि आधी धोतर बदलून आले.

"म्याडम, माझी हाळी म्हंजे साधी गोष्ट नाय," ते म्हणाले. "ह्या कड्यावरून घातली का त्या डोंगरावरचं मेंढरू चरता चरता थांबतं. आमचा आजा हाळी घालायचा तर निजामाचा फौजदार घोडं थांबवून ऐकायचा. ऐकून ऐकून तो मुसलमानाचा वारकरी झाला."

"खरंच?" सत्यशीलाचं पेन थांबलं.

"व्हय. नाय तर मंग मी खोटं कशाला सांगू?"

चुलीपाशी त्यांची बायको, सखूबाई, भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आवं, मागल्या टायमाला फौजदार घोड्यावरून पडून मेला म्हनत हुते नं?"

"तो दुसरा फौजदार," केरबा म्हणाले.

सत्यशीलानं सखूबाईंनाही विचारलं, तुमचा आवाज घेऊ का. त्या हसल्या. "माझं काय घेता? मी काय गानारीन हाय का? मी मेंढराशी बोलते अन् ह्यान्च्याशी बोलते. तिसऱ्याशी बोलायला टाइम कुठंय?"

आम्ही कड्यावर गेलो. मेंढरं पलीकडच्या उताराला होती, दिसत नव्हती. वारा फार, म्हणून मी माझी ओढणी रेकॉर्डरभोवती धरून उभी राहिले. केरबांनी एक हात कानावर ठेवला, छाती भरली आणि हाळी घातली.

मी भाषेची शिक्षिका, पण त्या आवाजाला मला शब्द सापडले नाहीत. तो उठला, दरीभर पसरला, समोरच्या कड्याला लागून परत आला, आणि तो परत येतोय तोवर केरबांनी दुसरा सोडला. अंगावर काटा आला. सत्यशीलाच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि नेमकं तेव्हाच खालून सखूबाईंचा आवाज चढला.

"आवं, बास करा आता! कोन्ही मेलं का काय वाटंल लोकान्ला! भाकरी वाळू ऱ्हायल्या!" आणि त्याच दमात, उताराकडं तोंड करून, "हूऽर्र, याऽ याऽ याऽ!"

"ते मागचं काढून टाका," केरबा म्हणाले.

"पुन्हा एकदा घालता का, बाबा?"

"नाय. अशी परत येत नसती. देवाची किरपा असती ती."

म्हणून तेच राहिलं. मूळ ध्वनिफितीला कात्री लावायची नाही, हा सत्यशीलाचा नियम होता. शिवाय ती इतकी भारावली होती की रेकॉर्डर बंद करायचंच विसरली. जेवण होईपर्यंत तो तिच्या पिशवीत चालू राहिला.

उन्हाळा लागला आणि डोंगरातली पाणवठ्याची डबकी आटली. गाईबैलांसाठी छावण्या निघाल्या, मेंढरांना त्यात जागा नव्हती. शहरात टँकरमागं हंड्यांच्या रांगा लागल्या. आमच्या कॉलेजात मात्र समितीसाठी हिरवळ लावली होती, आणि तिला रोज टँकरनं पाणी मिळत होतं. तिच्यावर पाय ठेवू नये अशी पाटी होती. प्राचार्य स्वतः दिवसातून कितीदा तरी येऊन तिच्याकडं बघून जायचे, आजारी नातेवाइकाकडं बघावं तसं.

उद्घाटन समितीसमोरच करायचं ठरलं. केरबांचा सत्कार करायचा, त्यांची हाळी लोकांना ऐकवायची. सत्यशीलानं त्यांना फोन लावला.

"बाबा, तुम्हाला आणायला गाडी पाठवते."

"गाडी कशाला? मी भिंतीवरून येतो."

"कुठल्या भिंतीवरून?"

"तुमच्याच. कॉलेजाच्या."

आम्ही दोघी मागं धावलो. मी बाकावर चढून भिंतीपलीकडं डोकावले. आम्रवन सिटीत मेंढरंच मेंढरं होती. चुन्याच्या रेघांवर बसून रवंथ करत होती. मधोमध घोंगड्याची सावली करून केरबा बसले होते, आणि वॉचमनची खुर्ची आता सखूबाईंच्या ताब्यात होती.

"पाय नेतील तिकडं आलो," केरबा म्हणाले. "सिल्लोडवरून सडकंसडकंनं. म्हटलं, शहरात आपली वळख हाय, म्याडम हाय. मंग तुमची पाटी दिसली."

"मग भेटला का नाहीत?"

"बलावल्याशिवाय कसं यायचं? मानाचा पाव्हना हाय नं मी."

मेंढरांचं पोट कसं भरत होतं तर शहागंजच्या भाजीबाजारातला कोबीचा पाला एक रिक्षावाला आणून टाकायचा. पाण्याचं मात्र कठीण होतं. कुणाच्या बांधकामावरचं, कुणाच्या गाड्या धुण्याच्या हौदातलं, असं मिळेल तिथून चालायचं. सखूबाई भिंतीवरून आमच्या हिरवळीकडं बघत म्हणाल्या, "ते गवत कोन्हासाठी लावलंय, म्याडम?"

"समितीसाठी."

"ते खात्यात?"

प्राचार्यांना बातमी लागली आणि ते सत्यशीलाला म्हणाले, "समिती यायच्या आत ती मेंढरं हलवा."

"सर, ज्यांची संस्कृती आपण जपतोय, त्यांचीच आहेत ती."

"मान्य. संस्कृती आत ठेवा, मेंढरं बाहेर ठेवा," प्राचार्य म्हणाले आणि हिरवळ बघायला निघून गेले.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदानात मोठा मंडप होता. व्यासपीठावर समितीच्या अध्यक्षबाई, दुसऱ्या राज्यातून आलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन बसलेल्या, त्यांच्याबरोबर दोन सदस्य, आप्पासाहेब आणि प्राचार्य. एका कडेला केरबा, गुलाबी फेटा बांधून. सखूबाई मेंढरांपाशी थांबल्या होत्या. "दोघं गेलो तं मागं कोन बघंल?" म्हणाल्या होत्या. व्यासपीठासमोर सत्यशीलानं डोंगरातली शेती दाखवायला बाजरीची कणसं, मक्याची कणसं आणि हुलग्याच्या वेलांचे भारे मांडले होते. झेंडूचे हार तर किती होते सांगता येत नाही. हिरवळीचा टँकर यायचा होता म्हणून मागचं फाटक उघडं होतं.

आप्पासाहेब बोलले. डोंगर म्हणजे आपली आई, तिच्या अंगाला धक्का लावता कामा नये, असं ते म्हणाले. ते बोलत असताना त्यांच्याच बांधकामावर मुरमाचे टिप्पर चालले होते, त्यांच्या आवाजानं भाषण मधेमधे ऐकू येत नव्हतं. मग केरबांना शाल-श्रीफळ मिळालं. आणि सत्यशीलानं माईकवर सांगितलं, "आता ऐका, उंबरदऱ्याची हाळी."

मंडपवाल्याच्या माणसानं रेकॉर्डिंग लावलं. चारी कोपऱ्यांतल्या कर्ण्यांमधून केरबांचा आवाज सुटला. खरं सांगते, गारखेड्यात त्या दिवशी त्या आवाजानं रिक्षा थांबल्या. पोरं मोबाईल खाली ठेवून ऐकत राहिली. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. हाळी संपली तेव्हा टाळ्या एवढ्या वाजल्या की केरबांनी उभं राहून सगळ्या दिशांना हात जोडले.

इथं त्या माणसानं बटण बंद करायचं होतं. सत्यशीलानं त्याला तसं बजावलं होतं. पण तो चहाला गेला होता.

"आवं, बास करा आता!" कर्णे कडाडले. "कोन्ही मेलं का काय वाटंल लोकान्ला! भाकरी वाळू ऱ्हायल्या!"

मंडप हसून कोसळला. केरबांचे जोडलेले हात तसेच राहिले.

"हूऽर्र, याऽ याऽ याऽ!"

आधी नुसती धूळ दिसली. मग मागच्या फाटकातून पहिला एडका आत आला, शिंगं वळलेला, गंभीर चेहऱ्याचा. त्यानं कर्ण्याकडं बघितलं आणि तो सरळ मंडपाच्या मधल्या वाटेनं चालू लागला, उशिरा आलेल्या प्रमुख पाहुण्यासारखा. त्याच्या मागं अख्खा कळप. खुर्च्या पडल्या, पोरी बाकांवर चढल्या. बाजरीची कणसं गेली, मका गेला, हुलग्याचे वेल गेले. मग त्यांना झेंडूचा शोध लागला. एका मेंढीनं व्यासपीठावर चढून आप्पासाहेबांच्या गळ्यातला हार खालच्या टोकापासून खायला सुरुवात केली. आप्पासाहेब राजकारणात मुरलेले. फोटोग्राफर समोर आहे म्हटल्यावर ते हसतच राहिले आणि हार संपत संपत हनुवटीपर्यंत आला. एक कोकरू घाबरून अध्यक्षबाईंच्या मांडीवर चढलं, आणि त्यांनी त्याला शालीत गुंडाळून घेतलं.

"थांबवा! कुणीतरी थांबवा!" प्राचार्य ओरडले.

केरबांनी माईक हातात घेतला. छाती भरली. हाळी घातली. तीच, डोंगरातली, अंगावर काटा आणणारी.

एकाही मेंढरानं मान वर केली नाही.

त्यांनी पुन्हा घातली. एडक्यानं एकदा बघितलं आणि तो पुष्पगुच्छाकडं वळला.

तेवढ्यात काठी घेऊन, पदर खोचून सखूबाई धावत आल्या. "कोन्ही बलावलं माझ्या मेंढरान्ला?" त्या ओरडल्या. "मी तिथंच हुते! माझ्या हातातून पळाली!" आणि त्या मंडपाच्या मध्यावर थबकल्या, कारण कर्ण्यांतून अजून उंबरदऱ्याचं जेवण चाललं होतं.

"चटनी घ्या की, म्याडम, लाजू नका," कर्णे सांगत होते. "ह्यान्ला काय, नुसतं कड्यावर जाऊन वरडायचं. शेन काढायला सांगा, लगेच कंबर धरत्यात."

सखूबाईंनी मान वाकडी करून ऐकलं. मग व्यासपीठाकडं बघून नवऱ्याला विचारलं, "ही कोन बया? तुम्हाला एवढं कशाला बोलू ऱ्हायली?"

"तूच," केरबा म्हणाले. माईक त्यांच्या हातातच होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"मी? माझा आवाज असा हाय?" सखूबाईंना मेंढरांपेक्षा त्याचाच जास्त धक्का बसला. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग भान येऊन त्या वळल्या, "हूऽर्र, याऽ याऽ," असं अगदी घरगुती आवाजात म्हणाल्या आणि चालू लागल्या. कळप जसा आला तसा त्यांच्या मागं निघून गेला. कोकरू मात्र अध्यक्षबाई सोडेनात, ते कडुबानं जाऊन मागून आणलं.

प्राचार्यांनी सत्यशीलाला तिथंच सांगितलं की उद्यापासून ती खोली परीक्षाविभागाला जाईल.  मी बघितलं, केरबांची खुर्ची रिकामी होती. शाल घडी करून तिच्यावर ठेवलेली होती आणि वर नारळ होता.

संध्याकाळी आम्ही दोघी आम्रवन सिटीत गेलो. सखूबाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करत होत्या. केरबा घोंगडं डोक्यावरून घेऊन आडवे झाले होते.

"तवापासून असेच हायेत," सखूबाई म्हणाल्या. "च्या पेले नाय."

सत्यशीला खाली मातीत बसली. "चूक माझी आहे, मावशी. ते पुढचं बंद करायला पाहिजे होतं."

"तुमची कशाची चूक? मेंढरान्नी घोळ घातला." सखूबाईंनी भाकरी उलटली आणि आवाज बारीक केला. "म्याडम, खरं सांगू का? मेंढरं ह्यान्चं कधीच ऐकत नव्हती. लगीन होऊन आले तवापासून बघते. हे कड्यावर जाऊन हाळी घालायचे, अन् मी खालून हळूच 'याऽ' म्हनायची. मंग यायची मेंढरं. ह्यान्ला वाटायचं, आपल्यामुळंच आली."

"मग तुम्ही सांगितलं का नाहीत कधी?"

"कशाला सांगायचं? आवाज तं चांगलाय नं. अख्खं गाव काम सोडून ऐकतं. मेंढराला नाय कळत, म्हनून काय त्येन्नी घालायची नाय का हाळी?"

घोंगडं हललं. "मला ठावं हुतं," आतून आवाज आला.

सखूबाईंचा हात काटवटीतच थांबला.

केरबा उठून बसले. फेटा अजून डोक्याला होता, जरा कलला होता. "मी काय भैरा हाय? एवढ्या वर्सांत तुझी 'याऽ' मला ऐकू आली नसंल? मीच हाळी जरा लांबवायचो, का तुला चुलीपून उठून बाहीर यायला टाइम गावावा."

दोघं एकमेकांकडं बघत राहिली. मला वाटलं, आता काहीतरी हळवं बोलतील. सखूबाई म्हणाल्या, "मंग एवढी वर्सं शेन काढायला का उठले नाय?"

"ते येगळं," केरबा म्हणाले. मग सत्यशीलाकडं वळून जरा रुसल्या आवाजात बोलले, "म्याडम, आमचं आम्हाला ठावं हुतं, त्याचं कायच नव्हतं. आता औरंगाबादला बी ठावं झालं."

त्यांनी चहा घेतला, तेव्हा आम्ही उठलो.  येताना सत्यशीलाच्या डोक्यात एकच होतं, खोली गेली.

दुसऱ्या दिवशी समितीची निरोपाची बैठक होती. अध्यक्षबाईंनी इमारतीबद्दल दोन वाक्यं बोलून झाल्यावर अभिलेखागाराचा विषय काढला. त्या हिंदीत म्हणाल्या की लोकसंस्कृतीची दालनं त्यांनी पुष्कळ पाहिली, सगळीकडं काचेच्या कपाटात वस्तू असतात. पण ध्वनिमुद्रित हाक खरीच आहे हे जिवंत कळपावर सिद्ध करून दाखवणारं प्रात्यक्षिक त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. पती-पत्नीचा संवादसुद्धा फार नैसर्गिक बसवला होता. एवढी तालीम कशी करून घेतली?

 प्राचार्यांचं तोंड उघडं होतं. आप्पासाहेबांनी खाकरून घसा साफ केला. "तालीम काय," ते नम्रपणे म्हणाले, "कल्पना आमचीच. सत्यशीला मॅडमनी अंमलात आणली."

परीक्षाविभागाला दुसरी खोली मिळाली. प्राचार्यांनी सत्यशीलाला बोलावून एवढंच सांगितलं, "यापुढं प्रात्यक्षिकाची पूर्वसूचना आठ दिवस आधी, लेखी." समिती गेल्यावर हिरवळीचं पाणी बंद करायचा हुकूम निघणारच होता. सत्यशीलानं सुचवलं की टँकर चालू ठेवू, पाणी मेंढरांना देऊ आणि त्या बदल्यात सखूबाईंचा आवाज अभिलेखागारासाठी घेऊ. प्राचार्य नाही म्हणायच्या तयारीत होते, पण आप्पासाहेबांनी तोवर वर्तमानपत्रात कळपासोबतचा फोटो दिला होता. फोटोतला कळप तहानेनं मेला तर बरं दिसणार नाही, हे त्यांनाही पटलं. हिरवळ मात्र मेंढरांनी एका दुपारी संपवली. प्राचार्यांनी त्या दिवशी रजा घेतली.

सखूबाईंचा आवाज घेणं सोपं गेलं नाही. बंद खोलीत त्या बोलेचनात. "म्होरं मेंढरू नाय, अन् मी कोन्हाला हाक मारू? भिताडाला?" शेवटी कडुबानं एक मेंढी आत आणून टेबलाला बांधली. मग मात्र सुटल्या. तहानेची हाक वेगळी, लांडग्याची वेगळी, हरवलेल्या कोकराची वेगळी. प्रत्येक हाकेला ती मेंढी कान हलवून दाद द्यायची. लांडग्याची हाक ऐकून तिनं टेबल ओढत दारापर्यंत नेलं.

केरबांना आम्ही डोंगरांच्या नावांचा इतिहास सांगायला बसवलं. त्यात ते रमले. अडचण एवढीच होती की एकाच डोंगराचं नाव कसं पडलं, हे ते दर खेपेला नव्यानं सांगायचे. कधी त्यात राजा असायचा, कधी वाघीण, आणि फौजदार तर जवळजवळ प्रत्येक कथेत. सत्यशीला आधी वैतागली. मग तिनं सगळ्याच कथा नोंदवून घेतल्या. म्हणाली, "खरं काय घडलं ते नाहीतरी कुठं सापडणारंय? निदान माणसं काय काय सांगायची, ते तरी राहील."

पाऊसपाणी झाल्यावर एके सकाळी आम्रवन सिटी रिकामी दिसली. दोघं कुणालाही न सांगता डोंगराकडं निघून गेली होती. वॉचमन आपल्या खुर्चीवर परत बसला होता आणि जरा उदास होता.

त्यानंतरच्या एका रविवारी आम्ही खोलीत यादी करत बसलो होतो. दारात एक बाई उभी राहिली. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पायांना सिमेंट. समोरच्या इमारतीवर कामाला होती. नाव मुक्ताबाई. दुष्काळात डोंगर उतरून आलेली, परत न गेलेली.

"इथं उंबरदऱ्याचं कायतरी ठिवलंय म्हनं," ती म्हणाली.

"हो, या ना. ऐकायचंय का?"

"ऐकायचं नाय." ती दारातूनच म्हणाली. "मी पल्याडच्या तळवाडीची हाय. आमच्या वाडीचा पानवठा त्यान्नी दाबला, ते सांगितलं का त्यान्नी?"

सत्यशीला माझ्याकडं बघायला लागली. केरबांच्या कुठल्याच कथेत तळवाडी नव्हती.

"मला वाटलंच," मुक्ताबाई म्हणाली. "आता मी सांगते तसं लिव्हा. उंबरदऱ्याची मान्सं लई खोटारडी."

ती आत येऊन ऐसपैस बसली. सत्यशीलानं रेकॉर्डर पुढं सरकवला, आणि मी चहा सांगायला बाहेर गेले, कारण हे लवकर आटपणार नाही, हे दिसतच होतं.